साखर ‘बॉर्डर’वर आहे म्हणजे काय?



अकोटहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नका अशी विनंती आहे, ती आम्ही पाळतो. पत्र लांब असले तरी प्रश्न एकच आहे, आणि तो अनेक घरांतला आहे म्हणून या वेळचे सगळे सदर त्यालाच देत आहोत.

ताईंचे यजमान अकोटच्या कापूस बाजारात हमाली करतात. वय ४६. अंगाने सडपातळ, पोट मात्र जरा सुटलेले. वस्तीतल्या आरोग्य शिबिरात उपाशीपोटी रक्त तपासले तेव्हा साखर ११२ निघाली. तपासणाऱ्याने सांगितले, “शुगर नाही, बॉर्डरवर आहे.” ताई लिहितात, “शुगर नाई म्हनल्यावर आमाले लई बरं वाटलं. घरी येता येता यायनं पावशेर जिलबी आनली.” इथपर्यंत वाचून आम्हांला हसू आले. पुढच्या पानावर मात्र ते मावळले. यजमानांचे थोरले भाऊ परतवाड्याला असत. त्यांनाही दोन वर्षांपूर्वी ‘बॉर्डर’च सांगितले होते. साखर ११८. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे छातीत भरून आले. गॅस झाला असेल म्हणून सोडा प्यायले आणि सकाळ होण्याची वाट पाहिली. अमरावतीला नेले तेव्हा हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या ठिकठिकाणी अरुंद झालेल्या निघाल्या. चौथ्या दिवशी ते गेले. वय ४९.

ताईंचा प्रश्न असा : “ज्याले शुगर नाई, त्याच्या तिन्ही नळ्या कशा बंद झाल्या?”

उत्तराआधी पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलले पाहिजे. शेवटच्या पानावर, जाता जाता लिहावे तसे ताईंनी लिहिले आहे की हल्ली कट्टे उचलताना यजमानांना दम लागतो, छाती आवळल्यासारखी होते आणि खाली बसले की बरे वाटते. ताई, तुमच्या चार पानांत सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. श्रमाने छाती आवळणे आणि विसाव्याने मोकळी होणे ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. हे वाचून झाल्यावर साखरेची तपासणी राहू द्या बाजूला, आधी यजमानांना दवाखान्यात नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या. बसल्या जागी काढलेली पट्टी साफ आली तरी “श्रम केल्यावर त्रास होतो” हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते पुढच्या तपासण्या लिहून देतील. तोवर कट्टे उचलणे बंद. मजुरी बुडेल हे आम्हांला कळते. थोरल्या भावाच्या घरी काय बुडाले, तेही तुम्ही पाहिले आहे.

आता ‘बॉर्डर’कडे वळू.

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या खाली असली तर ती ठीक समजतात. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली की मधुमेह. मधली १०० ते १२५ ही जागा म्हणजे बॉर्डर. जागतिक आरोग्य संघटना ही जागा ११० पासून धरते, पण ११२ आणि ११८ दोन्ही हिशेबांत बॉर्डरमध्येच बसतात. दुसरी तपासणी ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात. तिच्यात १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० च्या पुढे मधुमेह. तिसरी तपासणी तीन महिन्यांच्या सरासरीची, जिला एचबीएवनसी म्हणतात. ५.७ ते ६.४ ही तिची बॉर्डर.

मधुमेह शरीराचे काय करतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९४८ पासून बाबासाहेबांचे शरीर या रोगाने पोखरत नेले. पाय दुखत, दृष्टी मंदावत गेली, १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. पण ती झाली पुरत्या मधुमेहाची गोष्ट. ताईंचा प्रश्न त्याच्या अलीकडच्या मुक्कामाचा आहे, जिथे डॉक्टर अजून ‘शुगर’ हा शब्द उच्चारत नाहीत.

ही १२६ ची रेघ कशी आली ते समजून घेतले पाहिजे. ती आखताना मुख्य आधार होता डोळ्यांचा. साखर अमुक आकड्याच्या पुढे गेली की डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागतात असे दिसले, म्हणून रेघ तिथे ओढली. हृदयाला विचारून ती ओढलेली नाही. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा बिघाड त्याच्या बराच आधी सुरू होतो, आणि साखर जसजशी वर सरकते तसतसा तो वाढत जातो. १२५ ला धोका नाही आणि १२६ ला आहे, असे काही तिथे नसते.

हे आतून कसे घडते? इन्सुलिन हे शरीरातले द्रव्य रक्तातली साखर स्नायूंत आणि यकृतात पोचवते. पोटात आणि यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि साखर कशीबशी आवरून धरते. ही ओढाताण कित्येक वर्षे चालते. त्या वर्षांत आकडा बॉर्डरवरच दिसतो, पण रक्तात ट्रायग्लिसराईड नावाची चरबी वाढलेली असते, चांगले कोलेस्टेरॉल घटलेले असते, रक्तदाब चढू लागलेला असतो. जेवणानंतर साखर उसळते आणि रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला त्रास देते. अस्तर खराब झाले की तिथे चरबी धरते. पाटचारीत एकदा कडेला गाळ धरला की पुढचा गाळ तिथेच अडकतो, तसे होते. म्हणजे साखर एकटी गुन्हेगार नाही, तिची टोळी आहे, आणि बॉर्डरवरचा आकडा म्हणजे टोळी गावात शिरल्याची खबर.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या, पण मधुमेह नसल्याचे समजल्या जाणाऱ्या १८१ रुग्णांना ग्लुकोज पाजून तपासले. २००२ साली त्यांनी निकाल छापला. घरी सोडताना त्यांतल्या ३५ टक्क्यांची साखर बॉर्डरवर होती आणि ३१ टक्क्यांना चक्क मधुमेह होता, जो कोणाला माहीत नव्हता. तिघांपैकी दोघे! परतवाड्याच्या भावांची गोष्ट किती नेहमीची आहे ते यावरून कळावे. अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांचे आपल्याकडचे आणि बाहेरचे अनेक अभ्यासही हेच सांगतात की मधुमेह नसलेल्यांतही तीन महिन्यांची सरासरी जितकी वर, तितक्या जास्त रक्तवाहिन्या बाधित आणि तितक्या जास्त अरुंद सापडतात.

घाबरवण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. जगभरच्या १२९ अभ्यासांची बेरीज २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत सर्वसाधारण माणसांमध्ये बॉर्डरवरच्या साखरेने हृदयविकाराचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शंभरांतल्या दहांना होणार असेल तर साडेअकरांना होईल, एवढी ही वाढ. डोंगर कोसळला असे नाही. मात्र ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यात बॉर्डरवरच्या साखरेने पुढच्या त्रासाचा धोका एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो. म्हणून ज्यांच्या छातीने एकदा तक्रार केली आहे, त्यांनी बॉर्डर शब्द हलक्यात घेऊ नये.

ताई लिहितात, “हे तं काडीसारखे हायेत, जाड्या मानसाले होते ना शुगर?” हा समज फार पसरलेला आहे आणि आपल्याच राज्यातल्या संशोधनाने तो खोडला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी बारीक, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून लुकडे, आतून चरबीचे. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

याचा अर्थ आपल्या घरांनी नीट लावावा. पोटुशी असताना जी माय दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करत होती, सगळ्यांचे झाल्यावर उरलेला तुकडा खात होती, तिच्या पोटात वाढणारे लेकरू कमी अन्नावर तगायला शिकते. त्याचे स्नायू कमी बनतात, चरबी जपली जाते. पुढे तेच लेकरू चाळिशीचे झाले, पोटभर भात आणि गोड चहा मिळू लागला की त्या शरीराला ते पेलत नाही. तेव्हा काटा कमी वजन दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. शिंप्याची टेप घ्या आणि पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत हवा. मोठ्या सरकारी पाहणीचे आकडे २०११ साली आले तेव्हा महाराष्ट्रात मधुमेही ८.४ टक्के आणि बॉर्डरवरचे १२.८ टक्के होते. म्हणजे उंबरठ्यावरची मंडळी घरातल्यांपेक्षा जास्त!

आता तपासणी. इथे आपल्या वऱ्हाडातल्या घरांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ताईंच्या मुलीला सिकलसेलची वाहक म्हणून सांगितले आहे. विदर्भात सिकलसेल आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही बराच आढळतो. मुलगी वाहक असेल तर आई-बापांपैकी निदान एकात ते असणारच. आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी लाल पेशींवरच अवलंबून असते. सिकलसेलचा आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे ही सरासरी खोटी कमी येते. नुसत्या वाहकातही फरक पडू शकतो. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत २०१७ साली असे दिसले की साखर तेवढीच असूनही वाहकांची सरासरी साधारण ०.३ ने कमी येते. ज्याची ५.९ यायला हवी त्याची ५.६ आली तर “सगळे ठीक” असा कागद हातात पडणार! उलट लोह कमी असलेल्या बायकांत, आणि अशा बायका आपल्याकडे घरोघर आहेत, ती खोटी जास्त येऊ शकते. म्हणून सिकलसेल किंवा रक्तक्षय असलेल्या घरांनी या एका कागदावर विसंबू नये. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, अशा दोन्ही तपासण्या कराव्यात, आणि सिकलसेलची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

दोन तासांनंतरच्या तपासणीचा आग्रह आणखी एका कारणाने. पुष्कळांची उपाशीपोटीची साखर चांगली आणि नंतरची बिघडलेली असते. हृदयाचा धोकाही या दुसऱ्या आकड्यावरून अधिक नीट कळतो, असे युरोपातल्या मोठ्या पाहणीने १९९९ साली दाखवले. शिबिरात बोटाला टोचून काढलेला आकडा ही फक्त खबर समजावी. खात्री नसेतून काढलेल्या रक्तावरच होते. सरकारी ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांवरच्यांची साखर आणि रक्तदाब गावच्या आरोग्य केंद्रातही तपासतात.

मग गोळी घ्यावी का, हा पुढचा प्रश्न. नुसता साखरेचा आकडा खाली आणला की हृदय वाचेल, असे डॉक्टरांनाही एकेकाळी वाटत होते. चीनमध्ये हृदयविकार आणि बॉर्डरवरची साखर दोन्ही असलेल्या साडेसहा हजार रुग्णांत साखर उतरवणारी एक गोळी वापरून पाहिली. २०१७ साली निकाल आला. मधुमेह होण्याचे प्रमाण घटले, पण हृदयाचे झटके घटले नाहीत. टोळीतल्या एकालाच पकडल्यासारखे ते झाले. याउलट चीनमधल्याच दाचिंग शहरात १९८६ साली बॉर्डरवरच्या ५७७ जणांत एक प्रयोग सुरू झाला. काहींना आहार आणि चालण्याफिरण्याची शिस्त सहा वर्षे लावली, काहींना नाही. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा शिस्तवाल्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडे चेन्नईलाही असा प्रयोग झाला. २००६ च्या त्याच्या निकालात तीन वर्षांत काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, शिस्त पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्के. डॉक्टरांनी गोळी दिली तर जरूर घ्यावी, पण गोळी खिशात आहे म्हणून बाकी सगळे मोकळे, असे नाही.

बाकी सगळ्यांत आमच्या मते पहिला नंबर खर्‍याचा आणि बिडीचा. ताईंनी लिहिले नाही, पण बाजारात हमाली करणाऱ्याच्या खिशात खर्‍याची पुडी नसली तर आम्हांला नवल वाटेल. रक्तवाहिन्यांचे अस्तर साखरेने आधीच सोलवटले असताना वरून तंबाखू म्हणजे जखमेवर तिखट. चार गोष्टी जमणार नसतील तर हीच एक करा.

दुसरा चहा. आपला चहा म्हणजे साखरेचे पाणी. कपाला दोन चमचे, दिवसाला सहा कप, म्हणजे बारा चमचे, साठेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सगळी मिळून पन्नासच्या आत ठेवा आणि पंचविसाच्या आत आली तर उत्तम, असे म्हणते. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले तर जिभेला कळतही नाही.

जेवणाबद्दल उगाच शहरी उपदेश करण्यात अर्थ नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, ते बहुतेक तांदूळ आणि गहू, आणि ते मोफत असताना ज्वारी विकत घ्या म्हणणे सोपे आहे. ज्या अकोट-तेल्हाऱ्याकडे आज सोयाबीन आणि कपाशी दिसते तिथे जुन्या माणसांना मजुरीत ज्वारी मिळत असे. जमेल तेव्हा एका वेळी ज्वारीची किंवा कळण्याची भाकर ठेवा. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे, चार भाकरी चेपल्या तर तीही साखर चढवणारच. भात असेल तर तो निम्मा करा आणि निम्म्या जागी वरण, बेसन, अंबाडी, चवळीची भाजी वाढवा. आधी भाजी-वरण, मागून भात, असे खाल्ले तरी साखरेची उसळी कमी होते. रात्री जेवून लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे वस्तीत फेरी मारा. सीझनमध्ये दिवसभर ओझी वाहणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, बाजार थंडावल्यावर चार महिने बसून काढतात तेव्हा आहे. ताईंच्या यजमानांनी मात्र ईसीजी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत फेरीही मारू नये.

कोसलचा राजा पसेनदी फार जेवत असे आणि धापा टाकत भगवंतांकडे येत असे, ही कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला मोजून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला रोज जेवताना ती गाथा म्हणण्याच्या कामावर ठेवले. हळूहळू त्याचा भात थोडक्या मापावर आला. आपल्या घरी पगारी माणूस कोण ठेवणार, पण ताटाशी बसून “बाबा, पुरे” म्हणणारी वाहक मुलगी तुमच्याकडे आहेच. तिचे ऐकायला यजमानांना सांगा.

पुन्हा परतवाड्याच्या पहाटेबद्दल. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, मळमळ, यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटे राहिले तर सोडा पीत बसू नका. साखर वाढलेल्यांत कधी कळ फारशी येतही नाही, नुसता दम आणि घाम. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. अकोटहून अकोला ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढ्या वाटेचा वेळ तसाही जाणार, त्यात घरचा वेळ मिळवू नका. अँजिओप्लास्टी आणि बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा.

ईसीजी झाल्यावर साखरेच्या तपासणीला जाल तेव्हा आदल्या रात्री नऊपर्यंत यजमानांचे जेवण आटोपून घ्या. सकाळी पाणी चालेल, चहा नको, खर्रा तर नकोच. तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतील, ते पाच मिनिटांत संपवायचे आणि दोन तास एका जागी बसून राहायचे. मधे बाजाराकडे चक्कर मारून येतो म्हणतील, जाऊ देऊ नका. तुम्हीही आपले रक्त त्याच दिवशी तपासून घ्या, ताई. चार पानांत स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. दोघांचे दोन तासांनंतरचे आकडे आम्हांला कळवा.